फाइल एक्स्टेन्शन संलग्नता

फाइल एक्स्टेन्शन संलग्नता म्हणजे फाइलच्या नावातील शेवटच्या टिंबानंतर येणारी अक्षरे आणि ती फाइल उघडण्यासाठी वापरला जाणारा प्रोग्रॅम यांच्यात संचालन प्रणालीने नोंदवून ठेवलेला संबंध होय. या अक्षरांना फाइलचे एक्स्टेन्शन म्हणतात. 'अहवाल.पीडीएफ' या नावावर दोनदा क्लिक केले असता पीडीएफ वाचणारा प्रोग्रॅम सुरू होतो आणि त्यात तोच अहवाल उघडलेला दिसतो, ही रोजच्या वापरातील क्रिया याच संबंधावर अवलंबून असते. फाइलसमोर दिसणारे चिन्ह, उजव्या क्लिकने उघडणारी आज्ञांची यादी आणि अलीकडे वापरलेल्या दस्तऐवजांची सूची यांमागेही हीच नोंद असते.

डेस्कटॉपवर चालणारा आणि स्वतःच्या स्वरूपात दस्तऐवज जतन करणारा कोणताही प्रोग्रॅम लिहिणाऱ्या विकसकाला या विषयाचा दोन बाजूंनी विचार करावा लागतो. प्रोग्रॅम स्थापित होताना संचालन प्रणालीकडे योग्य नोंद करणे ही एक बाजू, आणि त्या नोंदीनुसार हाक आल्यावर नेमकी तीच फाइल उघडणे ही दुसरी. पहिली बाजू पाठ्यपुस्तकांत सहसा सापडते. दुसरी बहुधा अनुभवानेच शिकावी लागते. फाइलला मराठीत संचिका किंवा धारिका असेही शब्द आहेत. प्रस्तुत लेखात रूढ शब्द वापरला आहे. रजिस्ट्रीतील शाखा, आज्ञा व एक्स्टेन्शने यांची नावे येथे उच्चारानुसार देवनागरीत दिली असली तरी प्रत्यक्ष संगणकावर ती रोमन लिपीतच लिहावी लागतात.

## एक्स्टेन्शन आणि आशय

एक्स्टेन्शन हा फाइलच्या नावाचा भाग असतो, आशयाचा नव्हे. 'छायाचित्र.जेपीजी' या फाइलचे नाव बदलून 'छायाचित्र.पीडीएफ' केल्याने तिच्यातील एकही बाइट बदलत नाही. केवळ ती उघडण्याची जबाबदारी दुसऱ्या प्रोग्रॅमकडे जाते आणि तो प्रोग्रॅम बहुधा 'फाइल खराब आहे' असा संदेश देतो. नाव बदलले म्हणजे स्वरूप बदलले, हा नवशिक्या वापरकर्त्यांत आढळणारा सर्वांत सामान्य गैरसमज आहे.

आशयाची खरी ओळख फाइलच्या आरंभीच्या काही बाइट्सवरून पटते. पीडीएफ फाइलच्या प्रारंभी टक्केवारीचे चिन्ह व त्यापुढे 'पीडीएफ' ही रोमन अक्षरे असतात. जेपीईजी चित्राचा प्रारंभ षोडशमान पद्धतीत एफएफ, डी८, एफएफ या तीन बाइट्सनी होतो. झिप फाइलच्या आरंभी येणारी 'पीके' ही दोन अक्षरे हे स्वरूप तयार करणाऱ्या फिल कॅट्झ यांच्या नावाची आद्याक्षरे आहेत. या बाइट्सना फाइलची सही म्हणता येईल.

सहीदेखील नेहमी पुरेशी नसते. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या २००७ च्या आवृत्तीपासून वापरात आलेले '.डीओसीएक्स' हे स्वरूप, ओपनडॉक्युमेंटचे '.ओडीटी' आणि पुस्तकांसाठीचे '.ईपब' ही तिन्ही स्वरूपे आतून झिपच असतात. '.डीओसीएक्स' फाइलच्या प्रतीला '.झिप' असे एक्स्टेन्शन देऊन ती उघडल्यास आत अनेक एक्सएमएल फाइली दिसतात. ओपनडॉक्युमेंट आणि ईपब यांच्या रचनाकारांनी यावर नेटका उपाय केला: झिपमधील पहिली फाइल 'माइमटाइप' या नावाची असावी आणि ती संकुचित न करता ठेवावी, म्हणजे दस्तऐवजाचा प्रकार सुरुवातीच्याच बाइट्समध्ये सरळ वाचता येतो. स्वतःचे नवे स्वरूप ठरवणाऱ्या विकसकानेही आरंभी एक निश्चित सही आणि त्यामागे स्वरूपाचा आवृत्तिक्रमांक लिहावा. एक्स्टेन्शन हा केवळ दावा असतो. तो तपासण्याचे साधन फाइलच्या आत असावे लागते.

## इतिहास

एक्स्टेन्शन तीन अक्षरांचे असण्याची प्रथा कोणाच्या लहरीतून आलेली नाही. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या पीडीपी-१० या संगणकाचा शब्द ३६ बिटांचा होता आणि सहा बिटांत एक अक्षर बसवण्याची पद्धत तेथे प्रचलित होती. त्यामुळे एका शब्दात फाइलच्या नावाची सहा अक्षरे आणि अर्ध्या शब्दात एक्स्टेन्शनची तीन अक्षरे बसत. गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या संचालन प्रणालीने १९७० च्या दशकात आठ अधिक तीन अक्षरांची नावे स्वीकारली आणि १९८१ मध्ये आलेल्या एमएस-डॉसने तीच पद्धत पुढे चालवली. डॉसच्या फाइलसूचीतील प्रत्येक नोंद ३२ बाइट्सची असे; त्यांतील ११ बाइट नावासाठी होते. टिंब डिस्कवर साठवले जात नसे. ते केवळ पडद्यावर दाखवण्यापुरते होते.

डॉसमध्ये संलग्नता अशी नव्हतीच. आज्ञा स्वीकारणारा प्रोग्रॅम '.कॉम', '.ईएक्सई' आणि '.बॅट' ही तीनच एक्स्टेन्शने ओळखत असे, कारण त्या फाइली चालवायच्या असत. बाकीच्या फाइली कशाने उघडायच्या हे वापरकर्त्याच्या लक्षात असावे लागे. चित्रमय पडदा आणि माऊस आल्यावर हा प्रश्न निकडीचा झाला, कारण दस्तऐवजाच्या चिन्हावर क्लिक केल्यावर काय व्हावे याचे उत्तर संगणकाकडेच असणे भाग होते. विंडोजच्या आरंभीच्या आवृत्त्यांत 'विन.आयएनआय' या साध्या मजकूर फाइलमध्ये एक्स्टेन्शनसमोर प्रोग्रॅमचे नाव लिहिलेले असे. १९९२ मधील विंडोज ३.१ ने यासाठी स्वतंत्र नोंदणी कोश आणला आणि १९९५ मधील विंडोज ९५ मध्ये आजच्या रजिस्ट्रीची चौकट सामान्य वापरकर्त्यांपर्यंत पोहोचली. त्याच आवृत्तीने २५५ अक्षरांपर्यंतची लांब नावे शक्य केली आणि तीन अक्षरांचे तांत्रिक बंधन सुटले. सवय मात्र सुटली नाही. आजही नव्या स्वरूपांची एक्स्टेन्शने बहुधा तीन-चार अक्षरांचीच असतात.

ॲपलने १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये अगदी वेगळा मार्ग घेतला होता. तेथे प्रत्येक फाइलसोबत चार-चार अक्षरांचे दोन संकेत साठवले जात: एक फाइलच्या प्रकाराचा आणि दुसरा ती निर्माण करणाऱ्या प्रोग्रॅमचा. नावात एक्स्टेन्शनची गरज नव्हती. एकाच प्रकारच्या दोन मजकूर फाइली, ज्याने त्या निर्माण केल्या त्या-त्या प्रोग्रॅममध्ये उघडत. संकल्पना म्हणून ही पद्धत एक्स्टेन्शनपेक्षा सरस होती, असे म्हणण्यास जागा आहे: वापरकर्त्याने नाव कसेही बदलले तरी ओळख पुसली जात नसे. परंतु हे संकेत मॅकच्या डिस्कबाहेर टिकत नसत. डॉसच्या फ्लॉपीवरून किंवा इंटरनेटवरून प्रवास करून आलेली फाइल ओळख गमावून येई. २००१ मध्ये मॅक ओएस एक्स आल्यानंतर ॲपलने एक्स्टेन्शनचा पुरस्कार सुरू केला आणि २००९ मधील १०.६ या आवृत्तीपासून निर्मात्याचा संकेत प्रोग्रॅम निवडताना विचारात घेणे थांबवले. नाव हे अत्यंत दुबळे साधन असूनही ते सर्वत्र फाइलसोबत जाते, आणि त्याच्या टिकून राहण्याचे हेच कारण आहे.

## विंडोजमधील रचना

विंडोजमधील संलग्नतेच्या नोंदी 'एचकेईवाय_क्लासेस_रूट' या शाखेखाली दिसतात. विंडोज २००० पासून ही शाखा स्वतंत्र नसून दोन ठिकाणच्या नोंदींचे एकत्रित दर्शन आहे: संपूर्ण संगणकासाठीच्या 'लोकल मशीन' शाखेतील आणि चालू वापरकर्त्यासाठीच्या 'करंट यूजर' शाखेतील. दोन्हीकडे एकच नोंद असल्यास वापरकर्त्याची नोंद प्रमाण मानली जाते. वापरकर्त्याच्या शाखेत लिहिण्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागत नाहीत. कार्यालयांत किंवा महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत, जेथे असे अधिकार सहसा मिळत नाहीत, तेथे ही सोय निर्णायक ठरते.

नोंद दोन टप्प्यांची असते. समजा, 'जमाखर्च' नावाचा एखादा प्रोग्रॅम आपले हिशेब '.जेकेएच' या एक्स्टेन्शनने जतन करतो. पहिल्या टप्प्यात '.जेकेएच' या नावाची शाखा निर्माण करून तिच्यात एक ओळखनाम लिहिले जाते, उदाहरणार्थ 'जमाखर्च.हिशेब.१'. या ओळखनामाला प्रोगआयडी म्हणतात. निर्माता किंवा प्रोग्रॅम, घटक आणि आवृत्ती अशा क्रमाने ते लिहिण्याचा प्रघात आहे. दुसऱ्या टप्प्यात त्या ओळखनामाची स्वतंत्र शाखा निर्माण होते. तिच्यात फाइलप्रकाराचे वाचनीय नाव, 'डिफॉल्टआयकॉन' खाली चिन्हाचा पत्ता आणि 'शेल\ओपन\कमांड' खाली प्रत्यक्ष चालवायची आज्ञा असते. दोन टप्पे ठेवल्याने अनेक एक्स्टेन्शने एकाच ओळखनामाकडे वळवता येतात. वर्डच्या '.डीओसी' फाइलींचे ओळखनाम 'वर्ड.डॉक्युमेंट.८' आणि '.डीओसीएक्स' फाइलींचे 'वर्ड.डॉक्युमेंट.१२' असे असते.

आज्ञेच्या ओळीत प्रोग्रॅमच्या संपूर्ण पत्त्यानंतर '%१' असे चिन्ह लिहितात. त्या जागी उघडायच्या फाइलचा पत्ता भरला जातो. प्रोग्रॅमचा पत्ता आणि '%१' हे दोन्ही दुहेरी अवतरणचिन्हांत असणे अत्यावश्यक आहे. अवतरणचिन्हे नसतील तर 'मार्च महिना.जेकेएच' या नावातील मोकळ्या जागेवर पत्ता तुटतो आणि प्रोग्रॅमला 'मार्च' व 'महिना.जेकेएच' अशा दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. विकसकाने चाचणीसाठी 'टेस्ट१' अशी एकशब्दी नावे वापरलेली असल्यामुळे हा दोष त्याच्या संगणकावर कधीच दिसत नाही. तो दिसतो तो 'माझे दस्तऐवज' अशा नावाच्या फोल्डरात वर्षभराचे हिशेब ठेवणाऱ्या वापरकर्त्याला. प्रोग्रॅमच्या पत्त्याभोवतीची अवतरणचिन्हे गाळणे याहून धोकादायक आहे, कारण 'सी:\प्रोग्रॅम फाइल्स' हा पत्ता मोकळ्या जागेवर तुटल्यास 'सी:\प्रोग्रॅम.ईएक्सई' या नावाची परकी फाइल चालवली जाण्याची शक्यता निर्माण होते.

नोंदी लिहून झाल्यावर 'एसएचचेंजनोटिफाय' हे फलन 'असोकचेंज्ड' या सूचनेसह बोलावून एक्सप्लोररला बदलाची वर्दी द्यावी लागते; अन्यथा जुनी चिन्हेच दिसत राहू शकतात. इनो सेटअप या स्थापना-साधनात 'चेंजेसअसोसिएशन्स' हा पर्याय चालू केल्यास ही सूचना आपोआप दिली जाते. आधुनिक एमएसआयएक्स पद्धतीत रजिस्ट्रीला हात न लावता स्थापना-पत्रकातच फाइलप्रकार घोषित करता येतो.

## डिफॉल्ट प्रोग्रॅमचा वाद

एकाच एक्स्टेन्शनवर अनेक प्रोग्रॅम दावा सांगू शकतात आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तसे सर्रास घडू लागले. संगीत किंवा चित्रफिती वाजवणारा प्रत्येक नवा प्रोग्रॅम स्थापित होताच '.एमपी३', '.एव्हीआय' इत्यादी सर्व एक्स्टेन्शने न विचारता स्वतःकडे वळवून घेई. दुसरा प्रोग्रॅम सुरू झाला की तो ती परत खेचून नेई. वापरकर्त्याने मुद्दाम केलेली निवड या चढाओढीत टिकत नसे.

मायक्रोसॉफ्टने व्हिस्टामध्ये डिफॉल्ट प्रोग्रॅम निवडण्यासाठी स्वतंत्र व्यवस्था दिली आणि वापरकर्त्याची निवड 'यूजरचॉइस' या वेगळ्या शाखेत ठेवण्यास सुरुवात केली. २०१२ मधील विंडोज ८ पासून या निवडीसोबत एक गणिती ठसाही साठवला जातो. ठसा जुळला नाही तर निवड अमान्य ठरते. परिणामी कोणत्याही प्रोग्रॅमला थेट रजिस्ट्रीत लिहून स्वतःला डिफॉल्ट ठरवून घेण्याचा सरळ मार्ग उरला नाही. सध्याची शिष्टसंमत पद्धत अशी की प्रोग्रॅमने 'ओपनविथप्रोगआयडीज' या शाखेत आपले ओळखनाम जोडून आपण हा प्रकार उघडू शकतो एवढेच सांगावे आणि अंतिम निवड वापरकर्त्यावर सोडावी. या बदलावर नाराज असलेल्यांचा आक्षेप असा की खुद्द संचालन प्रणालीचा निर्माता स्वतःचे ब्राउझर आणि वाचक प्रोग्रॅम त्याच पडद्यावरून पुढे करतो. तो आक्षेप निराधार नाही. तथापि ठसा येण्यापूर्वीच्या काळात वापरकर्त्याच्या हाती याहून कमी होते, हेही खरे.

स्वतःच्या नव्या एक्स्टेन्शनबाबत हा वाद सहसा उद्भवत नाही. दावेदार एकच असल्यास विंडोज त्यालाच निवडते.

## हाक आल्यानंतर

नोंद अचूक असूनही प्रोग्रॅम रिकामाच उघडतो, अशी तक्रार नवख्या विकसकांकडून वारंवार ऐकू येते. याचे कारण साधे आहे: विंडोज प्रोग्रॅम सुरू करते आणि फाइलचा पत्ता त्याच्या हाती देते, एवढेच. तो पत्ता वाचून फाइल उघडण्याचे काम प्रोग्रॅमचे स्वतःचे असते. सी भाषेत तो 'मेन' या फलनाच्या निविष्टींत मिळतो, डॉटनेटमध्ये त्याच नावाच्या पद्धतीच्या मजकूर-सरणीत, आणि जुन्या व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये 'कमांड' या फलनातून.

चालू फोल्डरची गफलत याहून फसवी असते. प्रोग्रॅम त्याच्या स्वतःच्या चिन्हावरून सुरू केल्यास त्याचे चालू फोल्डर बहुधा त्याचे स्थापना-फोल्डर असते. दस्तऐवजावर क्लिक करून सुरू केल्यास ते दस्तऐवजाचे फोल्डर असू शकते. 'सेटिंग्ज.आयएनआय' असा अपुरा पत्ता वापरणाऱ्या प्रोग्रॅमला मग आपल्याच फाइली सापडत नाहीत. प्रोग्रॅमच्या सोबतच्या फाइलींचा पत्ता नेहमी प्रोग्रॅमच्या स्थानावरून काढावा, चालू फोल्डरवरून नव्हे.

प्रोग्रॅम आधीच चालू असताना दुसरी फाइल उघडली तर काय व्हावे, हेही ठरवावे लागते. विंडोज साधारणतः प्रोग्रॅमची नवी प्रत सुरू करते. एकाच खिडकीत अनेक दस्तऐवज उघडणाऱ्या प्रोग्रॅमने अशा वेळी नव्या प्रतीकडून पत्ता जुन्या प्रतीकडे पोहोचवून नवी प्रत बंद करावी. पूर्वी यासाठी डीडीई नावाची संदेशपद्धत वापरली जात असे. आता नामांकित पाइप किंवा तत्सम साधने वापरतात. इलेक्ट्रॉन या चौकटीत पहिल्याच प्रतीला कुलूप घेता येते आणि दुसरी प्रत सुरू झाल्याची घटना तिच्या निविष्टींसह पहिलीला कळवली जाते. हे न केल्यास एकच हिशेब दोन खिडक्यांत उघडून, नंतर जतन केलेली प्रत आधीच्या नोंदी पुसून टाकू शकते. दिवसभराचे काम असे निमूटपणे नाहीसे होते, आणि दोष कोठे होता हे वापरकर्त्याला कळत नाही.

## जतन करताना

एक्स्टेन्शन फाइलला चिकटते ते जतन करण्याच्या खिडकीत. डॉटनेटमधील जतन-संवादात तीन गुणधर्म या कामी येतात: 'फिल्टर' यादीत कोणते प्रकार दाखवायचे ते ठरवतो, 'डिफॉल्टएक्स्ट' वापरकर्त्याने काहीच न लिहिल्यास लावायचे एक्स्टेन्शन सांगतो आणि 'ॲडएक्स्टेन्शन' ते लावायचे की नाही हे ठरवतो. क्यूटी या चौकटीत हेच काम डिफॉल्ट प्रत्यय नेमून होते. जावाच्या स्विंगमधील फाइल-निवडक मात्र केवळ गाळणी लावतो, नावाला एक्स्टेन्शन जोडत नाही. ते विकसकाने स्वतः जोडावे लागते. हे ठाऊक नसल्यामुळे अनेक विद्यार्थी-प्रकल्पांतील फाइली एक्स्टेन्शनविना जतन होतात आणि पुन्हा उघडण्याच्या यादीत दिसतच नाहीत.

नावात टिंब आहे म्हणजे एक्स्टेन्शन आहे, असे गृहीत धरणेही धोक्याचे आहे. 'हिशेब ३१.०३' असे नाव लिहिणाऱ्या वापरकर्त्याला '०३' हे एक्स्टेन्शन अभिप्रेत नसते. उलट नोटपॅडमध्ये मजकूर फाइलीचा प्रकार निवडलेला असताना 'पान.एचटीएमएल' असे नाव दिल्यास फाइल 'पान.एचटीएमएल.टीएक्सटी' या नावाने जतन होऊ शकते, आणि एक्स्टेन्शने लपवलेली असल्यास ती पडद्यावर 'पान.एचटीएमएल' अशीच दिसते. वेबपान बनवण्याच्या पहिल्या तासाला या कारणाने अडून बसलेले विद्यार्थी प्रत्येक वर्गात आढळतात.

## मॅक आणि लिनक्स

मॅकओएसमध्ये नोंदणीसाठी काही चालवावे लागत नाही. प्रोग्रॅमच्या गठ्ठ्यातील 'इन्फो.पीलिस्ट' या फाइलमध्ये तो कोणते दस्तऐवज हाताळतो हे लिहिलेले असते आणि लाँच सर्व्हिसेस ही यंत्रणा ते वाचून घेते. २००५ मधील १०.४ आवृत्तीपासून प्रकारांना उलट्या डोमेननावासारखी ओळख दिली जाते, उदाहरणार्थ 'कॉम.अडोबी.पीडीएफ', एक्स्टेन्शन हे त्या ओळखीचे केवळ एक लक्षण मानले जाते. प्रकारांची वंशावळही असते. 'पब्लिक.जेपीईजी' हा 'पब्लिक.इमेज' चा उपप्रकार असल्याने सर्व चित्रे उघडू शकणारा प्रोग्रॅम जेपीईजीही उघडतो, हे वेगळे सांगावे लागत नाही. आपण या प्रकाराचे मालक आहोत, सामान्य हाताळणारे आहोत की पर्यायी, हेही प्रोग्रॅम जाहीर करू शकतो. विंडोजवरून आलेल्या विकसकाला येथे चकवणारी गोष्ट अशी की फाइलचा पत्ता आज्ञेच्या निविष्टींत येत नाही. तो प्रोग्रॅम सुरू झाल्यावर संदेशरूपाने येतो, आणि प्रोग्रॅम आधीच चालू असल्यास त्याच प्रतीला येतो.

युनिक्सच्या गाभ्याला एक्स्टेन्शनची जाणीव नाही. फाइल चालवता येईल की नाही हे तिच्या परवान्यांवरून ठरते आणि 'फाइल' ही आज्ञा आशयातील सहीवरून प्रकार ओळखते. लिनक्सच्या डेस्कटॉपवर फ्रीडेस्कटॉपच्या मानकांनुसार एक्स्टेन्शन व सही या दोहोंवरून आधी माइम प्रकार ठरवला जातो. ही पद्धत १९९२ मध्ये ईमेलच्या जोडपत्रांसाठी आखण्यात आली होती. प्रोग्रॅमची '.डेस्कटॉप' फाइल तो कोणते माइम प्रकार उघडतो ते सांगते आणि वापरकर्त्याची निवड 'माइमॲप्स.लिस्ट' मध्ये राहते. ही निवड साध्या मजकुरात असते, ती कोणीही वाचू व बदलू शकतो.

## नावांची टक्कर

एक्स्टेन्शनांची जागतिक नोंदणी करणारी कोणतीही अधिकृत संस्था नाही. माइम प्रकार इंटरनेट असाइन्ड नंबर्स ऑथॉरिटीकडे नोंदवता येतात, परंतु एक्स्टेन्शनवर त्यामुळे हक्क मिळत नाही. '.टीएस' हे एक्स्टेन्शन दूरचित्रवाणी प्रक्षेपणातील एमपीईजी प्रवाहाचे आहे, क्यूटीच्या भाषांतर फाइलींचे आहे आणि २०१२ मध्ये आलेल्या टाइपस्क्रिप्ट भाषेचेही आहे. '.एम' मॅटलॅब आणि ऑब्जेक्टिव्ह-सी या दोघांचे आहे. '.की' या एक्स्टेन्शनखाली ॲपलच्या कीनोटमधील सादरीकरणही असू शकते आणि सर्व्हरची गुप्त किल्लीही. नवे एक्स्टेन्शन निवडताना तीन अक्षरांचा आग्रह सोडून प्रोग्रॅमच्या नावाजवळ जाणारे लांब रूप घेणे शहाणपणाचे ठरते. ब्लेंडर या त्रिमिती चित्रणाच्या प्रोग्रॅमने '.ब्लेंड' हे रूप घेतले आहे.

## सुरक्षा

विंडोज ९५ पासून एक्सप्लोरर ज्ञात प्रकारांची एक्स्टेन्शने मूळ मांडणीत लपवतो. पडदा नीटनेटका दिसावा हा हेतू असला तरी या निर्णयाची किंमत मोठी ठरली. ४ मे २००० रोजी फिलिपीन्समधून पसरलेल्या 'आय लव्ह यू' या विषाणूचे जोडपत्र 'लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस' या नावाचे होते. शेवटचे एक्स्टेन्शन लपल्याने ते निरुपद्रवी मजकूर फाइलीसारखे भासे. क्लिक करताच मात्र '.व्हीबीएस' ची संलग्नता जागी होऊन त्यातील आज्ञा चालत. विषाणूने वापरकर्त्यांची चित्रे आणि इतर फाइली नष्ट केल्या आणि पत्त्यांच्या वहीतील सर्वांना स्वतःच्या प्रती धाडल्या. त्या विषाणूला कोणताही अवघड सुरक्षाभेद करावा लागला नव्हता. संलग्नतेने तिचे नेमून दिलेले कामच केले होते.

युनिकोडमधील उजवीकडून डावीकडे लेखन वळवणारे अदृश्य चिन्ह नावात घालून एक्स्टेन्शनची अक्षरे उलट दाखवणे, ही त्याच फसवणुकीची पुढची पायरी. म्हणून अनेक संस्थांतील व्यवस्थापक '.जेएस' व '.व्हीबीएस' यांची संलग्नता मुद्दाम नोटपॅडशी जोडून ठेवतात: चुकून क्लिक झालेच तर आज्ञा चालण्याऐवजी वाचायला मिळतात.

## देवनागरी नावे

मराठी वापरकर्त्यांच्या दृष्टीने या विषयाचा एक भाग वेगळा महत्त्वाचा आहे. विंडोजच्या जुन्या, युनिकोडपूर्व पद्धतीत प्रत्येक लिपीसाठी एक संकेतपृष्ठ असे. देवनागरीसाठी संचालन प्रणालीच्या पातळीवर वापरता येईल असे संकेतपृष्ठ कधीच नव्हते. परिणामी युनिकोड फलनांऐवजी जुनी फलने वापरणाऱ्या प्रोग्रॅमला 'ताळेबंद.जेकेएच' या नावाऐवजी प्रश्नचिन्हांची रांग मिळते आणि 'फाइल सापडत नाही' असा संदेश येतो. संलग्नता व अवतरणचिन्हे निर्दोष असूनही हे घडते. सीमध्ये 'मेन' ऐवजी 'डब्ल्यूमेन' वापरणे हा जुना उपाय. विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून प्रोग्रॅमच्या घोषणापत्रात यूटीएफ-८ हे संकेतपृष्ठ मागता येते. डॉटनेट आणि तत्सम चौकटी आतूनच युनिकोड असल्याने त्यांत हा प्रश्न सहसा येत नाही.

मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस या फाइलव्यवस्थेत नावे विघटित रूपात साठवली जात. 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये एकसंध आहे, परंतु विघटित रूपात ते 'र' आणि नुक्ता अशा दोन संकेतांचे होते. त्यामुळे 'दुसऱ्या तिमाहीचा ताळेबंद' या नावाने जतन केलेली फाइल सूचीतून वाचल्यावर मूळ नावाशी बाइटनिहाय जुळत नसे. अलीकडील फाइलींची यादी ठेवणाऱ्या प्रोग्रॅमने अशी नावे सामान्यीकृत करूनच ताडून पाहावीत.

## नोंद काढताना

प्रोग्रॅम काढून टाकताना त्याने निर्माण केलेल्या ओळखनामाच्या शाखा पुसाव्यात, परंतु एक्स्टेन्शनची शाखा सरसकट पुसू नये, कारण मधल्या काळात दुसऱ्या प्रोग्रॅमने तिचा ताबा घेतलेला असू शकतो. स्थापनेपूर्वी तेथे काय होते ते आठवून परत लिहिण्याचा प्रयत्नही टाळावा, असे मायक्रोसॉफ्टचे मार्गदर्शन आहे. ज्याचे ओळखनाम अस्तित्वात नाही अशा नोंदीकडे विंडोज दुर्लक्ष करते. वापरकर्त्याच्या '.जेकेएच' फाइली अर्थातच जागच्या जागी राहतात. त्यांना चिन्ह राहत नाही, आणि क्लिक केल्यावर ही फाइल कशाने उघडायची असा प्रश्न विंडोज विचारते.